चकचकीत थ्रिलर वाचनगटात: श्रीमंती हा नुसता मुलामा असतो का?

पानखूण
आमच्या वाचनगटाने ई. लॉकहार्ट यांची 'वी वेअर लायर्स' (2014) ही यंग ॲडल्ट (किशोरवयीन वाचकांसाठीची) थ्रिलर वाचली. चर्चा मात्र शेवटच्या धक्क्याभोवतीच फिरत राहिली. "तुला आधी कळलं होतं का?" "मला निम्म्यातच संशय आला होता." झालं, संपलं! मला फार चुटपुट लागून राहिली, म्हणून हा धागा.

न वाचलेल्यांसाठी थोडक्यात: सिंक्लेअर हे गडगंज अमेरिकन घराणं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मार्थाज व्हिनयार्ड बेटाजवळ त्यांच्या मालकीचं बेट, त्यावर आजोबांचा बंगला आणि तीन मुलींची तीन घरं. थोरली नात केडन्स पंधरा वर्षांची असताना तिथे काहीतरी भयंकर घडतं, पण तिला ते आठवत नाही. दोन वर्षांनी ती पुन्हा बेटावर येते. शेवट मी सांगणार नाही.

माझं म्हणणं असं, की इथे चकचकाट हीच रहस्याची मुळी आहे. आजी वारल्यावर तिच्या मोत्यांवरून आणि टेबलक्लॉथांवरून तिन्ही लेकी भांडतात. तिघीही वडिलांच्या पैशावर जगतात. आपापल्या मुलांना आजोबांकडे पाठवतात: जा, सांग त्यांना, ते घर तुला किती आवडतं. मुलांना हे कळत असतं. पुढचं सगळं अरिष्ट या लाचारीतून येतं. त्यामुळे गटात पहिला प्रश्न 'कुणी केलं' हा नको. या घरात कोण कुणावर अवलंबून आहे, आणि काय गमवायची भीती आहे, इथून सुरुवात व्हायला हवी.

उभाआडवा
असहमत. वाचक बेटासाठी येतो, समुद्रासाठी येतो, त्या सोनेरी केसांच्या देखण्या मुलांसाठी येतो. लेखिकेला श्रीमंतीवर टीकाही करायची आहे आणि तिची भुरळही घालायची आहे. पुस्तक मिटल्यावर मनात उरतो तो उन्हाळाच.

दुसरं, स्मृतिभ्रंश ही फार सोयीची युक्ती आहे. इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी 1929 मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. त्यात एक असा, की गुप्तहेराच्या सोबत्याने मनात आलेलं काहीही वाचकापासून लपवू नये. इथे तर निवेदिकेलाच काही ठाऊक नाही, म्हणजे लेखिका हवं तेव्हा दार उघडणार आणि हवं तेव्हा लावणार. त्यात मलपृष्ठावर सल्ला, कुणी शेवट विचारला तर खोटं सांगा! पुस्तक स्वतःच सांगतंय की माझ्याबद्दल मोकळेपणाने बोलू नका. मग वाचनगटाने करायचं काय?

पानखूण
उभाआडवा, सुरुवातीची पानं पुन्हा बघा. वडील घर सोडून जातात तेव्हा केडन्स सांगते की त्यांनी पिस्तूल काढून माझ्या छातीत गोळी झाडली. रक्ताचं वर्णनसुद्धा करते. तसं काहीच झालेलं नसतं, ते तिचं दुःख असतं. आई काय म्हणते? स्वतःला सावर, नीट वाग. म्हणजे ही मुलगी मनात घडलेलं आणि खरंच घडलेलं एकाच सुरात सांगते, हे लेखिकेने उघडपणे दाखवून दिलं आहे. याहून प्रामाणिक सूचना कुठली हवी? आणि विसरणं ही केडन्सच्या डोक्यातली बिघाडाची गोष्ट नाहीच. सिंक्लेअर घराण्याची रीतच ती. तिथे दुःखाचा उच्चार करायचा नाही, चेहरा हसरा ठेवायचा.

काठावरची
गोळीचा मुद्दा पटला. पण तुम्ही दोघांनीही गॅटबद्दल एक अक्षर काढलेलं नाही. गॅट पाटील! मावशीच्या जोडीदाराचा भारतीय वंशाचा पुतण्या. दर उन्हाळ्यात बेटावर येतो, केडन्सच्या प्रेमात पडतो, आणि आजोबांच्या नजरेत कायम परकाच राहतो. स्वतःची तुलना तो हीथक्लिफशी करतो, 'वुदरिंग हाइट्स' कादंबरीतल्या त्या घरात आणलेल्या पण परकाच राहिलेल्या नायकाशी. बेटावर राबणाऱ्या माणसांकडे बघायला केडन्सला शिकवतो तोच.

आता सांगा, हे सगळं आपल्याला कळतं कुणाच्या तोंडून? केडन्सच्याच. गॅटची आई, त्याचं घर, बाकीचे नऊ-दहा महिने तो कसा जगतो, याबद्दल जवळजवळ काहीच नाही. श्रीमंतीवरची टीकासुद्धा श्रीमंत मुलीच्याच मालकीची. पानखूण म्हणतात तसा अवलंबित्वाचा प्रश्न विचाराच, पण तो त्या तीन लेकींपाशी थांबला तर आपणही बेटावरचेच पाहुणे ठरतो.

उभाआडवा
काठावरची, अगदी! मला भुरळ म्हणायचं होतं ते हेच. कॅमेरा बंगल्याच्या आतच राहतो.

दहावी_ब
मी केडन्सच्या वयाची आहे. मोठे लोक या पुस्तकांवर बोलतात तेव्हा आम्हाला फक्त बंगले आणि कपडे दिसतात असं गृहीत का धरतात? मला सर्वात जास्त काय लागलं सांगू? मोठ्यांनी स्वतःच्या भांडणात मुलांना पुढे करणं. त्यासाठी बेट लागत नाही. मध्ये मध्ये येणाऱ्या राजा आणि त्याच्या तीन मुलींच्या परीकथाही केडन्स त्याबद्दलच लिहिते, दर वेळी थोडी बदलून. जे सरळ बोलता येत नाही ते ती तिथे बोलते. आमच्या वर्गात त्या कथांवरच जास्त बोलणं झालं, शेवटावर नाही.

पानखूण
दहावी_ब, परीकथांचा मुद्दा आमच्या गटात कुणीच काढला नव्हता. पुढच्या बैठकीची सुरुवात त्यांनीच करूया असं सुचवते. काठावरची, गॅटबद्दल तुम्ही म्हणता ती उणीव खरी आहे, पण तीच बोलण्याची जागा आहे असं मला वाटतं. केडन्सला गॅटचं घर कधी बघावंसंच वाटलं नाही, हा तिच्यावरचा आरोप मानायचा की लेखिकेवरचा?

काठावरची
लेखिकेवरचा. केडन्सला दिसलं नाही हे समजू शकते, पण तिला दिसत नाहीये हे वाचकाला जाणवेल अशी एखादी तरी फट हवी होती. मला ती सापडली नाही. तुम्हाला सापडली तर तो प्रसंग इथे लिहा.

उभाआडवा
आणि माझी एक मागणी. पुढच्या वेळी गटात अशी कादंबरी घ्याल तेव्हा शेवट सगळ्यांना आधीच सांगून टाका. तरीही लोक शेवटपर्यंत वाचून वाद घालायला आले, तर चकचकाटाखाली कादंबरी आहे हे मी मान्य करेन.