बेसबॉलचा स्ट्राइक कोणी ठरवायचा? अंपायरने की कॅमेऱ्याने?

एडिसनकर:
बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून शेवटी धागाच काढला. २०२६ च्या सीझनपासून मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या बेसबॉल लीगमध्ये, बॉल-स्ट्राइकच्या निर्णयाला चॅलेंज करता येतं. जे बघत नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात: बॅटरने सोडलेला बॉल झोनमधून (जमिनीवरच्या पाटीच्या, म्हणजे प्लेटच्या वरची ठरलेली जागा) गेला तर स्ट्राइक, नाही तर बॉल; तीन स्ट्राइकला आउट, चार बॉलला पहिला बेस फुकट. आता मैदानाभोवती हॉक-आयचे कॅमेरे आहेत, प्रत्येक टीमला दोन चॅलेंज, बरोबर निघालं तर ते शिल्लक राहतं, चुकलं तर गेलं. मागायचा हक्क फक्त बॅटर, पिचर (बॉल टाकणारा) आणि कॅचरला (प्लेटमागे झेलणारा), तोही लगेच, डोक्यावर हात आपटून. डगआउटमधून, म्हणजे टीमच्या बाकावरून, कोणी खुणावायचं नाही.

माझं म्हणणं, हे अर्धवट काम झालं. मशीन बरोबर सांगतं हे मान्य आहे म्हणूनच ना अपील तिच्याकडे जातं? मग प्रत्येक पिचच मशीनला विचारा, अंपायरच्या कानात उत्तर येऊ दे, तो हात वर करेल. प्लेट १७ इंच रुंद, ती काय इनिंगप्रमाणे आकसत नाही. पण अंपायरचा झोन आकसतो. ३-० (तीन बॉल, शून्य स्ट्राइक) असेल तर बाहेरचा बॉलही स्ट्राइक मिळतो आणि ०-२ असेल तर कोपऱ्यावरचा चांगला स्ट्राइक बॉल होतो, हे हजारो पिचच्या डेटात दिसलेलं आहे. कोणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाहीये, माणसाला कोणाची बॅटिंग एका हाताच्या इशाऱ्यावर संपवणं जड जातं, एवढंच. पण पिचरने काय पाप केलं?

आणि हे मला टीव्हीवर बघून नाही सुचलेलं. माझा मुलगा अकरा वर्षांचा, गेल्या वसंतात त्याची मॅच होती, पहिल्या तीन इनिंग गुडघ्याखालचा बॉल अंपायर बॉलच देत होता, पोरगा ते बघून सोडायला शिकला, आणि शेवटच्या इनिंगमध्ये ३-२ वर तसाच बॉल सोडला तर स्ट्राइक थ्री. तो भांडला नाही, रडला नाही. गाडीत बसल्यावर बूट सोडता सोडता विचारलंन, बाबा, झोन नक्की कुठे होता? मला उत्तर देता आलं नाही.

स्नेहल_फ्रीमाँट:
असहमत, अगदी ठाम असहमत.

मी कॅचर पॅट्रिक बेलीसाठी जायंट्सच्या मॅच बघते. बॅटिंग त्याची बेताचीच, पण कोपऱ्यावरून निसटणारा बॉल तो ज्या अलगद हाताने घेतो, मनगट न हलवता, ग्लोव्ह खालून वर आणत, ते बघायला मी रात्री अकरापर्यंत जागते. याला, म्हणजे कडेचा बॉल अंपायरला स्ट्राइक वाटावा असा झेलण्याला, फ्रेमिंग म्हणतात आणि यात वर्षानुवर्षांची मेहनत आहे. प्रत्येक पिच मशीनने ठरवला तर कॅचरने बॉल कसाही धरला तरी काय फरक पडतो, नुसता अडवला की झालं. एक अख्खं कसब खेळातून काढून टाकायचं आणि म्हणायचं न्याय झाला? चॅलेंजमध्ये निदान ते टिकतं. बेली दिवसभर कोपरे चोरू शकतो, फक्त अतीच झालं तर समोरचा डोक्याला हात लावेल.

एडिसनकर:
स्नेहल, तुम्हीच शब्द वापरलात, चोरू शकतो.

स्नेहल_फ्रीमाँट:
वापरला, आणि मागे घेत नाही. बेस चोरणंही याच खेळात आहे.

मंदार_दादर:
बेसबॉलमधलं मला फार कळत नाही पण वाद ओळखीचा वाटला. २०११ ची मोहालीची सेमीफायनल आठवा, अजमलच्या बॉलवर सचिन एलबीडब्ल्यू दिलेला, रिव्ह्यू घेतला आणि हॉक-आयने बॉल लेगस्टंपच्या बाहेर दाखवला. त्याच डीआरएसला बीसीसीआयने किती वर्षं नाही म्हटलं, २०१६ ला इंग्लंडच्या सिरीजमध्ये कुठे होकार दिला. पण आपल्याकडे निदान अंपायर्स कॉल आहे, थोडक्यात असेल तर मैदानावरच्या माणसाचा मान राहतो. तुमच्याकडे तसं का नाही?

एडिसनकर:
मंदार, चांगला प्रश्न. एलबीडब्ल्यूत बॉल पॅडला लागून थांबलेला असतो, पुढे तो कुठे गेला असता हा अंदाज आहे. म्हणून मार्जिन ठेवायचं. इथे बॉल प्लेटवरून खरोखर जातो, तो कुठून गेला हे मोजायचं आहे, अंदाज करायचा नाही. मग मधली मोकळीक कशासाठी? बॉलची कड चौकोनाला शिवली की स्ट्राइक, नाही तर बॉल.

टेक्सासचा_विनय:
मोजायचं आहे म्हणताय, पण काय मोजायचं ते आधी ठरलंय का? मी इथे मुलांच्या लीगला सहा वर्षं फुकट अंपायरिंग करतोय म्हणून हे मनापासून लिहितो, लांब होईल.

नियमाच्या पुस्तकातला झोन म्हणजे प्लेटवर उभा असलेला एक ठोकळा. वरची हद्द खांदे आणि पँटची कड यांच्या मधोमध, खालची गुडघ्याच्या वाटीखाली, आणि तेही बॅटर मारायच्या पवित्र्यात असताना. मशीनचा झोन तसा नाहीये! तो एक सपाट चौकोन आहे, प्लेटच्या मध्यावर उभा केलेला, वरची हद्द बॅटरच्या उंचीच्या ५३.५ टक्क्यांवर आणि खालची २७ टक्क्यांवर, मग तो वाकून उभा राहो की ताठ. बॅटर्सचंच बघा, ॲरन जज सहा फूट सात इंच, म्हणजे त्याचा झोन साधारण २१ इंचापासून ४२ इंचापर्यंत. होजे अल्टुवे साडेपाच फूट, त्याचा १८ पासून ३५ पर्यंत. आता एखादा कर्व्हबॉल (वळून खाली पडणारा) प्लेटच्या मागच्या कडेला झोनमध्ये उतरला तर पुस्तकाप्रमाणे स्ट्राइक, मशीनप्रमाणे बॉल. मग खरं कोण? मशीन खरं सांगत नाही, ते दरवेळी एकच सांगतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, एडिसनकर, तुमच्या मुलाबद्दल वाचून वाईट वाटलं, पण जरा त्या अंपायरच्या जागी उभे राहा. आम्ही कॅचरच्या डोक्यामागे नाही, कॅचर आणि बॅटर यांच्या मधल्या फटीत उभे असतो, हनुवटी कॅचरच्या हेल्मेटच्या वर. तिथून आतला बॉल छान दिसतो. बाहेरचा खालचा कोपरा सगळ्यात लांब आणि तिथेच कॅचरचा ग्लोव्ह आडवा येतो, कॅचर जरा आत सरकला की अर्धी प्लेट गायब. सहाव्या इनिंगला मांड्या भरून येतात, माणूस नकळत थोडा ताठ होतो, डोळे दोन इंच वर गेले की खालचा बॉल वेगळा दिसतो. त्या दिवशी झोन हलला तो बहुतेक असा. चूक ती चूकच, मी झाकत नाही. पण वर मेजर लीगमध्ये सगळं कानात ऐकून सांगायचं झालं तर खाली ही नजर कमवायला कोण येणार? आत्ताच शनिवारी अंपायर मिळत नाहीत, आईबाप कुंपणापलीकडून काय काय बोलतात ते ऐकून सोळा वर्षांची पोरं दोन आठवड्यांत सोडून जातात.

अपूर्वा_सुवॉन:
कोरियातून लिहितेय. इथे केबीओ लीगमध्ये २०२४ पासून पूर्ण मशीनच आहे, प्रत्येक पिच, एडिसनकरांना हवं तसं. अनुभव सांगते. प्लेटपाशी घातलेले वाद जवळजवळ संपले, बॅटर मान हलवतो आणि पुढच्या पिचला उभा राहतो. पण तक्रारी संपल्या नाहीत. र्यू ह्यून-जिनसारखा मेजर लीग खेळून आलेला पिचर पहिल्याच महिन्यात म्हणाला की झोन रोज सारखा वाटत नाही, लीगला त्या पिचचा डेटा जाहीर करावा लागला. २०२५ ला झोन थोडा खाली सरकवला.

आणि एक वाईट प्रसंगही झाला. एप्रिल २०२४, देगू, मशीनने स्ट्राइक दिला, प्लेट अंपायरने बॉल म्हटलं. डगआउटमधल्या टॅबलेटवर ते दिसेपर्यंत पुढचे पिच होऊन गेलेले. तक्रार आल्यावर अंपायर गोळा झाले आणि आपल्याला बॉल ऐकू आला असं सांगूया असं ठरवताना त्यांचा आवाज टीव्हीच्या माइकने पकडला. एकाची नोकरी गेली. मशीन आलं म्हणून माणूस मधून जात नाही, शेवटी ते कोणाच्या तरी कानातच बोलतं.

तरीही मी पूर्ण मशीनच्याच बाजूने आहे. परत जुनं आणा असं इथे कोणी म्हणताना मी ऐकलं नाही.

अटलांटा_१९९७:
माझं नावच बघा म्हणजे कळेल. १२ ऑक्टोबर १९९७, एनएलसीएसची (नॅशनल लीगच्या फायनल सिरीजची) पाचवी मॅच, आमचे अटलांटा ब्रेव्हज विरुद्ध मार्लिन्स, प्लेटमागे अंपायर एरिक ग्रेग. त्यांचा पिचर लिव्हान हर्नांडेझने आमचे १५ जण स्ट्राइकआउट केले, शेवटचा मॅकग्रिफ, आणि तो बॉल त्याच्या बॅटच्या टोकालाही लागला नसता इतका बाहेर. मार्लिन्स २-१ ने जिंकले आणि पुढे वर्ल्ड सीरिजही. मी तेव्हा इथे नवीन होतो, ऑफिसातल्या मित्राने खेळ शिकवलेला, त्या दुपारी तो काहीच बोलला नाही, नुसता बसून राहिला.

आता लोक म्हणतात झोन रुंद होता पण दोघांना सारखा होता, आमच्या पिचर मॅडक्सनेही नऊ काढले. बरोबर आहे, काढले! पण मॅडक्स कोपऱ्यावरच जगणारा पिचर, त्याला रुंद झोनची गरजच नव्हती. समोरचा बावीस वर्षांचा मुलगा, त्याला जास्तीचे सहा इंच म्हणजे लॉटरी. सारखा झोन दिला की न्याय झाला असं नाही हो, विनय. दोघांना सारखीच चुकीची फूटपट्टी दिली तरी एकाचाच फायदा होतो.

टेक्सासचा_विनय:
हे मी मान्य करतो. ती मॅच चॅलेंज असतं तर तशी झाली नसती. पण लक्षात घ्या, दोन चॅलेंज पुरले असते. ग्रेगला दुसऱ्या इनिंगलाच कळलं असतं आणि त्याने झोन आवळला असता. आजही मेजर लीगचे अंपायर शंभरातले ९३-९४ बरोबर देतात, उरलेल्यांतले जे महत्त्वाचे तेवढे दुरुस्त करा.

स्नेहल_फ्रीमाँट:
विनयदादांना अनुमोदन. आणखी एक, २०२५ च्या स्प्रिंग ट्रेनिंगमध्ये (सीझनआधीच्या सराव मॅचमध्ये) मॅचमागे सरासरी चार चॅलेंज झाले, प्रत्येकाला १४ सेकंद, आणि निम्म्याहून किंचित जास्त यशस्वी. सगळ्यात अचूक कॅचर, ५६ टक्के. पिचर ४१. म्हणजे कॅचरचं कसब मेलं नाही, त्याला नवीन काम मिळालं. त्याच वर्षीच्या ऑल-स्टार मॅचमध्ये पहिलं चॅलेंज कोणी घेतलं? कॅचर कॅल रॅलीने. पिचर स्कूबलचा ०-२ चा चेंजअप (मुद्दाम हळू टाकलेला बॉल) अंपायरने बॉल दिला, रॅलीने डोक्याला हात लावला आणि बॅटर मचाडो आउट. ज्या ०-२ च्या अन्यायाबद्दल एडिसनकरांनी धागा काढला, तोच कॅचरच्या नजरेने सुटला.

एडिसनकर:
छान उदाहरण आहे, खरंच. पण आता उलटं बघा. नववी इनिंग, बेस भरलेले, दोन आउट, ३-२, आणि चॅलेंज संपलेले. एक्स्ट्रा इनिंगला गेलात तर एक नवीन मिळतं, नवव्यात मिळत नाही. बॉल चार इंच बाहेर, हॉक-आयला त्याच क्षणी माहीत आहे, अंपायर स्ट्राइक म्हणतो, मॅच संपली. उत्तर मशीनमध्ये पडून आहे आणि विचारायची सोय नाही. त्या बॅटरला काय सांगणार?

स्नेहल_फ्रीमाँट:
सांगेन की दुसऱ्या इनिंगमध्ये १-१ वर रागाच्या भरात तुमच्याच माणसाने एक चॅलेंज घालवलं, ते जपायचं होतं.

एडिसनकर:
त्याने घालवलं, शिक्षा याला?