बिंगलीच्या पायऱ्या: पंप नाही, नुसता उतार

इंग्लंडमधल्या बिंगलीला कालव्यातली बोट वर चढवायला पंप लागत असतील, असं पुष्कळांना वाटतं. अजिबात नाही! लीड्स-लिव्हरपूल कालव्यावरची ही पाच लॉक्स (दोन टोकांना दरवाजे असलेल्या टाक्या, ज्यांत पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली नेतात) १७७४ सालची. वरून खाली येणारं पाणीच सगळं काम करतं. पाचही एकमेकांना चिकटलेली, म्हणजे एकाचा वरचा दरवाजा तोच पुढच्याचा खालचा. एकूण चढ जवळजवळ ५९ फूट.

खरी गंमत क्रमात आहे. वर जाताना तळाचं लॉक रिकामं आणि वरची चारही भरलेली हवीत. मग दुसऱ्यातलं पाणी पहिल्यात सोडायचं, बोट उचलली गेली की तिसऱ्यातलं दुसऱ्यात, असं वरपर्यंत. उतरताना बरोबर उलटं. क्रम चुकला तर फजिती, म्हणून तिथे लॉककीपर असतो आणि त्याच्या परवानगीशिवाय पाणी सोडायच्या झडपेला हात लावायचा नाही.

दरवाजा उघडतात तो लाकडाच्या लांबलचक दांड्याला पाठ लावून, पाय रोवून रेटत. दोन्हीकडची पातळी सारखी होईपर्यंत मात्र तो तसूभर हलत नाही, कितीही जोर लावा.

आणि हो, तिथवर गेलात तर जरा खाली तीन लॉक्सची छोटी पायरीही आहे. बहुतेक लोक फोटो काढून वरूनच परततात.