मुलांच्या मतदानावरून ग्रुपवर झालेली चर्चा

बी-५०२: नमस्कार. रविवारी कुठला खेळ खेळायचा यावर काल मुलांचं मतदान झालं, तेव्हापासून आमचा सात वर्षांचा रुसून बसलाय. "मी लपाछपीला मत दिलं होतं, मग क्रिकेट का?" इतक्या लहान वयात हे शिकवायची घाई तर होत नाहीये ना?

सी-३०१: ताई, पेटी मी ठेवली होती म्हणून मीच सांगते. मला त्याचा रुसवा फार मोलाचा वाटतो. अकरा चिठ्ठ्या, सात विरुद्ध चार. सगळ्यांसमोर मोजल्या, त्याची स्वतःची चिठ्ठी उघडताना तो पेटीला नाक लावून बघत होता. मत धरलं गेलं आणि तरीही हरलो, हे मुलांना उमगणं सगळ्यात अवघड. हरलेल्यांनी निकाल मानला तरच मतदान टिकतं. पुढच्या शनिवारी पेटी पुन्हा येणार, तोवर मित्रांना पटव म्हणावं.

ए-१०४: मला एक खटकलं. मोठी मुलं छोट्यांच्या चिठ्ठीत डोकावत होती. आमच्या मुलीने 'लपा' लिहिलं, शेजारी बसलेल्या ताईकडे पाहिलं, आणि खोडून 'क्रिकेट' लिहिलं.

सी-३०१: अरे बापरे, हे मी पाहायला हवं होतं. पुढच्या वेळी कपाटाच्या दाराआड एकेकाने जाऊन लिहायचं. पूर्वी कित्येक देशांत मत चारचौघांत तोंडाने सांगावं लागायचं, समोर जमीनदार नाहीतर मालक उभा. सरकारने छापलेल्या मतपत्रिकेवर गुप्त मतदान १८५६ साली ऑस्ट्रेलियातल्या वसाहतींत सुरू झालं, ब्रिटनमध्ये १८७२ साली. तुमच्या लेकीला ही गोष्ट जरूर सांगा. खोडलेल्या चिठ्ठीमुळे तिला ती लगेच कळेल.

ए-७०२ (आजोबा): मी नातीला विचारलं, वर्गात फक्त मुलग्यांनी मत दिलं तर? ती उसळलीच. मग सांगितलं, न्यूझीलंडमध्ये बायकांना मताचा हक्क १८९३ साली मिळाला आणि स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय निवडणुकांत थेट १९७१ साली. तिने कागदावर वजाबाकी केली. "अठ्ठ्याहत्तर वर्षं? मग मधल्या बायकांचं काय?" मला उत्तर देता आलं नाही.

बी-५०२: आजोबा, वाचून गप्प झाले. एक कबूल करते, आम्ही घरी "कुठे जायचं सांगा" म्हणतो, पण बेत आधीच ठरलेला असतो.

ए-१०४: ताई, तसं नका करू. ठरलेल्या गोष्टीवर मत मागितलं की मूल एवढंच शिकतं, मत दिलं काय अन् न दिलं काय, सारखंच. औषध, झोपेची वेळ, शाळा यांवर मतदान नकोच, ते आईबाबांनी ठरवायचं. पण खोलीचा रंग विचारलात, तर आपल्याला न आवडणारा रंगही भिंतीला लावायची तयारी हवी. आमच्याकडे गडद जांभळा आहे.

सी-३०१: अगदी बरोबर. आणि खऱ्या मतदानाला जाताना, परवानगी असेल तिथवर मुलांना सोबत न्या. कोणाला मत दिलं ते सांगू नका, का दिलं त्यावर मात्र भरपूर बोला.

बी-५०२: घरातली बातमी. रुसवा गेलाय. बोटांवर मोजून झालं, दोघं फुटले तर सहा विरुद्ध पाच. आत्ताच चपला घालून सी विंगकडे गेलाय, एकाला पटवायला.