सी ड्राइव्ह लहान होईना, अडून बसलेली फाइल कशी शोधायची?

तळ्याकाठचा: मेहुण्याचा जुना लॅपटॉप माझ्या गळ्यात पडलाय. विंडोज ७, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, सगळी मिळून एकच सी. ४६५ पैकी ३८० जीबी रिकामी. बहिणीच्या लग्नाच्या फोटोंसाठी डी वेगळी काढावी म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून सी श्रिंक, म्हणजे लहान, करायला गेलो, तर म्हणे ११ जीबीच मिळतील! दोन रात्री डीफ्रॅग (डिस्कवर विखुरलेल्या फाइली एकत्र लावणं) लावून झोपलो, फरक शून्य. जुन्या विंडोज एक्सपीत निदान डीफ्रॅगच्या नकाशात हिरवे पट्टे दिसायचे, की इथलं हलणार नाही. सातमध्ये तो नकाशाच गायब.

जुना_खोका: हिरव्या पट्ट्यावर तरी फाइलचं नाव कुठे असायचं! इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये ॲप्लिकेशन. श्रिंकची खिडकी उघडली की तिथे २५९ नंबरची नोंद पडते, सोर्स डीफ्रॅग. अडवणाऱ्या शेवटच्या फाइलचं नाव त्यात असतं.

तळ्याकाठचा: सापडली. पेजफाइल डॉट सिस. विंडोजचीच फाइल, आणि विंडोजलाच हलवता येत नाही?

जुना_खोका: रॅमला जोड म्हणून विंडोज डिस्कवर ही फाइल ठेवतं. विंडोज चालू असताना ती सतत वापरात असते, म्हणून डीफ्रॅग तिला हात लावत नाही. व्हर्च्युअल मेमरीत 'नो पेजिंग फाइल' निवडून रीस्टार्ट करा. मग पुन्हा श्रिंक, पुन्हा २५९ बघा. नोंद एका वेळी एकच नाव सांगते. ती गेली की मागची पुढे येते. हायबरनेशनची (रॅममधलं डिस्कवर ठेवून लॅपटॉप बंद करण्याची) फाइलही अशीच, ४ जीबी रॅमला साधारण ३ जीबीची. हायबरनेट बंद केलं की ती जाते.

स्वरा_पुणे: आधी फोटो दुसरीकडे कॉपी करा हो! पार्टिशनशी खेळ आणि लग्नाचे फोटो एकाच डिस्कवर, वाचूनच पोटात गोळा आला.

तळ्याकाठचा: स्वराताई, पेन ड्राइव्हवर घेतले, मगच पुढे गेलो. पेजफाइल गेल्यावर सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशनमधलं काहीतरी आलं, म्हणजे रिस्टोअर पॉइंट, विंडोज मागच्या स्थितीत न्यायला ठेवलेल्या नोंदी. सिस्टिम प्रोटेक्शन बंद केलं, जुने पॉइंट गेले, जाऊ देत. आता २१४ जीबी देतोय. नोंदीत डॉलरच्या चिन्हाने सुरू होणारं नाव आहे, तेही काढू का?

जुना_खोका: ती एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या विंडोजच्या पद्धतीची, स्वतःची फाइल. हात लावू नका, २१४ घ्या. आणि पेजफाइल, प्रोटेक्शन परत चालू करा, लोक हेच विसरतात.

तळ्याकाठचा: विसरलोच होतो. केलं चालू. डी तयार, फोटो चढतायत.