‘औषध नाही, मग फोटो काढून काय?’ म्हणे!

मुक्ताई: काल इथे एकाने ठोकून दिलं, “अल्झायमर बरा होत नाही, मग पेट-एमआरआय (दोन्ही स्कॅन एकदम काढणारं जोडमशीन) म्हणजे श्रीमंतांचे चोचले.” आमच्या सासूबाई दोन वर्षं ‘डिप्रेशन’च्या गोळ्या खात होत्या. कुकरचं झाकण हातात धरून विचारायच्या, “हे कुठे घालायचं?” एफडीजी-पेटमध्ये (किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचून काढतात तो स्कॅन) प्रीक्युनिअस आणि पोस्टीरिअर सिंग्युलेट हे मेंदूचे मागच्या बाजूचे, आठवणींशी जोडलेले भाग मंदावलेले दिसले, तेव्हा कुठे डॉक्टरांनी दिशा बदलली. एमआरआय सांगतो मेंदू कुठे आटलाय, पेट सांगतं कुठला भाग ग्लुकोज घेईनासा झालाय. दोन्ही एकत्र पाहिलं की कळतं, तिथे पेशीच उरल्या नाहीत की आहेत त्या सुस्तावल्यात.

खवचट_पुणेकर: काल लिहिणारा मीच. दोन स्कॅन वेगवेगळे काढून संगणकावर एकावर एक बसवता येतात, त्याला महागडं जोडमशीन कशाला? शिवाय हाड पेटचे किरण अडवतं, त्याचा हिशेब धरून आकडे दुरुस्त करावे लागतात; पण एमआरआयमध्ये हाड धड दिसत नाही, म्हणून कवटीजवळ गडबड होते. आधी बी12 जीवनसत्त्व, थायरॉईड तपासा, त्यांच्या कमतरतेनेही विसर पडतो. माझी आई नुसत्या इंजेक्शनांनी सुधारली.

मुक्ताई: तुमची आई सुधारली, आनंद आहे. सगळ्यांच्या आया बी12 नसतात.

मालवणी_माणूस: मेंदू साखर घेत नाही ना? मग खोबरेल तेल द्या. बाबांना रोज दोन चमचे देतो, नातवाचं नाव घेतात.

खवचट_पुणेकर: आलं तेल! कुठलं नाव, तुम्ही कानात सांगितलेलं?

मालवणी_माणूस: आजारी माणसाची चेष्टा करताय, लाज वाटते का?

खवचट_पुणेकर: चेष्टा तुमच्या तेलाची. बाबांची नाही. चुकलं असेल तर माफी.

मुक्ताई: थांबा, तेलवाल्यांचं अर्धं खरं आहे. कीटोन, म्हणजे चरबीपासून यकृतात बनणारे पदार्थ, हे मेंदूचं दुसरं इंधन. कॅनडात शेरब्रुक विद्यापीठात संशोधक स्टीफन कुनेन यांच्या गटाने पेटनेच दाखवलं, अल्झायमरमध्ये ग्लुकोज घटतं पण मेंदू कीटोन बऱ्यापैकी घेतो. मात्र खोबरेलात लॉरिक आम्ल (एक प्रकारचं मेदाम्ल) जास्त, त्यातून कीटोन फारसे होत नाहीत. आणि स्कॅनच्या दिवशी तेलबिल नको. उपाशीपोटी जायचं असतं. रक्तात साखर चढलेली असेल तर परत पाठवतात. आम्हाला एकदा पाठवलंय, सासूबाईंनी रिक्षात पर्समधला पेढा खाल्ला होता.

खवचट_पुणेकर: बरं, पेट कामाचं, मान्य. जोडमशीन संशोधनापुरतं.

मुक्ताई: एवढंही तुमच्या तोंडून निघालं, पेढे वाटते. स्कॅन झाल्यावर.

मालवणी_माणूस: लॉरिकचं काय ते नीट सांगा. घरात पाच लिटर पडलंय.

मुक्ताई: माशाच्या आमटीत घाला.