मदत हवी आहे : मिशन चर्चच्या पावसाच्या टाकीत क्लोरीन टिकत नाही

जय ख्रिस्त. प्रश्न मलावीतल्या एका मिशन चर्चच्या टाकीचा आहे. छत पत्र्याचं, 150 चौ. मी.; टाकी 10,000 लिटरची. रविवारी उपासना सुटली की नळावर बादल्यांची रांग लागते, म्हणून पाणी पिण्याजोगं हवंच.

ब्लीचिंग पावडर 30 टक्क्यांची आहे. भरल्या टाकीला 67 ग्रॅम, म्हणजे लिटरला साधारण 2 मि.ग्रॅ. क्लोरीन. पावडर बादलीत कालवून चुना खाली बसू देतात, फक्त वरची निवळी ओततात. अर्ध्या तासाने 0.5 मि.ग्रॅ. दिसतं, दुसऱ्या दिवशी सकाळी शून्य!

संशय प्रत्येक सरीच्या सुरुवातीच्या, छत धुऊन येणाऱ्या पाण्यावर आहे. ते अडवायला 4 इंची पाइपचा 3 मीटर उभा तुकडा लावलाय. त्यात जेमतेम 24 लिटर मावतं, आणि 1 मि.मी. पावसात या छतावरून 150 लिटर उतरतं. म्हणजे पाखरांची विष्ठा, धूळ सगळं टाकीतच, आणि क्लोरीन त्यातच खर्ची पडत असावं. शिवाय पाइपच्या बुडाचं 3 मि.मी. भोक पानांच्या चोथ्याने तुंबतं. पाइप रिकामा होत नाही, मग पुढच्या सरीला त्याचा काडीचा उपयोग नाही.

पाइपऐवजी 200 लिटरचं पिंप आणि ते भरलं की त्याचं तोंड बंद करणारा तरंगता चेंडू कुणी बसवलाय का? तोंडाशी चेंडू नीट बसतो का, की कचरा अडकून गळतो? टाकीच्या तळाला चार बोटं गाळ आहे. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा. गाळ पावसाळ्यात मधेच उपसावा, की पावसाळा संपेतोवर तरंगत्या नळीने वरचंच पाणी घ्यावं? क्लोरीनचा डोस नुसता वाढवा, असं कृपया सांगू नका. वासाने लोक पाणीच नेत नाहीत.