बीपीची गोळी सकाळी की रात्री? वडील रात्री पडले, म्हणून विचारतेय

वाईची लेक

नमस्कार. माझे वडील ७१ वर्षांचे, एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. वाईला आई आणि ते दोघंच असतात, मी पुण्यात. अण्णांना नऊ वर्षं बीपी आहे. टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ अशी एकत्र गोळी, रोज सकाळी. पाकीट चहाच्या डब्याशेजारीच असतं, त्यामुळे विसरायचा प्रश्नच कधी आला नाही.

दोन महिन्यांपूर्वी त्यांच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर मेसेज आला की बीपीची गोळी रात्री झोपताना घेतली तर हार्ट अटॅकचा धोका निम्म्यावर येतो. अण्णांना ते पटलं, कारण घरच्या मशीनवर त्यांचं बीपी सकाळी उठल्या उठल्या १५०/९० च्या आसपास असायचं आणि संध्याकाळी १२८/७६. त्यांनी हिशेब केला की गोळी पहाटेपर्यंत पुरत नाहीये. कुणालाही न सांगता रात्री साडेनऊला घ्यायला लागले. रात्रीतून तीन-तीनदा लघवीला उठायला लागले तेव्हा आईला वाटलं, प्रोस्टेटचं काही असेल.

गेल्या मंगळवारी रात्री दीडला उठले. आईची झोप मोडू नये म्हणून दिवा लावला नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मोरीच्या उंबऱ्यावर पडले. हाड मोडलं नाही, पण डावं मनगट सुजलंय आणि माणूस मनातून घाबरलाय. मी पोचले तेव्हा पहिलं वाक्य काय, तर "आईला ओरडू नकोस, चूक माझी आहे."

त्यांचे डॉक्टर सोमवारपर्यंत गावाला गेलेत. मनगट इथल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं, पण त्यांना गोळीचं विचारलं तर "कधीही घ्या" म्हणाले आणि पुढचा पेशंट बोलावला. तो मेसेज खोटा होता का? आणि पुन्हा सकाळवर कसं यायचं?

मेडिकलवाला, सांगली

ताई, आधी गोळीबद्दल. तिच्यात दोन औषधं आहेत. टेल्मिसार्टनचा अंमल दिवसभर टिकतो, ते सकाळी घेतलं काय नि रात्री घेतलं काय, फारसा फरक पडत नाही. हायड्रोक्लोरोथायझाइड मात्र लघवी वाढवणारं. घेतल्यावर साधारण दोन तासांत लघवी सुरू होते, चार तासांच्या सुमाराला जोर सगळ्यात जास्त असतो. साडेनऊ अधिक चार, म्हणजे दीड. तुमचे वडील नेमके तेव्हाच उठले. सत्तरीच्या माणसाला लघवीची गोळी रात्री देऊ नये, हे आम्ही काउंटरवरसुद्धा सांगतो. तुमच्या वडिलांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं याचं मला वाईट वाटतं.

मेसेज हवेतून आलेला नाही. २०१९ मध्ये स्पेनमधला १९ हजारांवर पेशंटचा अभ्यास छापून आला. रात्री गोळी घेणाऱ्यांत हृदयविकार आणि पक्षाघात जवळजवळ निम्मे, असं त्यात होतं. सगळीकडे बातम्या झाल्या. आकडे इतके चांगले होते की जाणकारांनी तेव्हाच शंका घेतली. मग २०२२ मध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला, २१,१०४ माणसं, पाच वर्षांवर पाठपुरावा. रात्री घेणाऱ्यांत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा त्यातून मृत्यू ३.४ टक्के, सकाळी घेणाऱ्यांत ३.७. याला फरक म्हणत नाहीत. पुढे कॅनडातही तेच दिसलं. पण २०१९ चा मेसेज अजून फिरतोय, दुसरी बातमी कुणी फॉरवर्ड केली नाही.

काहींचं बीपी झोपेत उतरायला हवं तसं उतरत नाही. एरवी दिवसापेक्षा दहा ते वीस टक्के खाली येतं. अशांना डॉक्टर मुद्दाम रात्रीची गोळी देतात, पण ते २४ तासांचं मशीन लावून बघितल्यावर.

वेळ बदलायची तर फोन करून विचारा, डॉक्टर गावाला असले तरी एवढं सांगतील. रात्रीची आणि लगेच सकाळची अशा दोन गोळ्या जवळजवळ देऊ नका. आणि घाबरून गोळी बंद तर मुळीच करू नका.

निवृत्त सिस्टर, कुडाळ

सकाळचं १५०/९० कसं मोजलं ते विचार गो त्यांना. मी तीस वर्षं पट्टे बांधले, निम्म्या घरी शर्टाच्या बाहीवरूनच बांधतात. लघवी तुंबलेली असली तरी बीपी जास्त येतं. आधी लघवी, मग खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला टेबलावर, पाच मिनिटं गप्प. चहा नंतर. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा मोज, गोळीच्या आधी. संध्याकाळी पुन्हा दोनदा. असे सात दिवस वहीत लिही, पहिला दिवस सोडून सरासरी काढ. घरी १३५/८५ च्या खाली असलं तर ठीक.

आणि अंधारी आली म्हणतेस, तर बसून मोजल्यावर त्यांना उभं करून एका आणि तीन मिनिटांनी मोज. कुणीतरी शेजारी धरायला हवं. वरचा आकडा वीस किंवा जास्त उतरला तर ते डॉक्टरांना पहिल्यांदा सांग, मनगटाच्या आधी.

वाईची लेक

आठ दिवसांनी लिहितेय. काका, तुमचं दीडचं गणित अण्णांना वाचून दाखवलं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. डॉक्टरांशी फोनवर बोलले, त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळी पुन्हा चहाच्या डब्याशेजारी गेली. आता रात्री एकदाच उठतात. पॅसेजला छोटा दिवा रात्रभर चालू ठेवलाय.

सिस्टर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. अण्णा दूध घेऊन जिना चढून यायचे आणि स्वेटरवरून पट्टा बांधायचे. नीट मोजल्यावर सहा दिवसांची सकाळची सरासरी १३८/८४ आली. उभं राहिल्यावर वरचा आकडा २२ ने उतरला, तो वहीत लाल पेनने लिहिलाय. गुरुवारी वही घेऊन जाणार आहोत. एक विचारायचं राहिलं. अण्णांचे दंड अजून वर्कशॉपमधलेच आहेत, पट्टा जेमतेम पुरतो. त्याने आकडा चुकतो का?

निवृत्त सिस्टर, कुडाळ

चुकतो, जास्त दाखवतो. टेपने दंडाचा मधला घेर मोज आणि पट्ट्यावर छापलेल्या सेंटीमीटरशी जुळव. जुळला नाही तर त्याच कंपनीचा मोठा पट्टा सुटा मिळतो. गुरुवारच्या आधी मिळाला तर बघ.